डावीकडचा आवाज कोणी पळवला?

तपासमामांची ओळख तपासमामांनीच करून दिलेली बरी, कारण दुसरं कुणी त्या भानगडीत पडत नाही. नवा माणूस स्टुडिओत पाऊल ठेवतो न ठेवतो तोच मामा खुर्चीतून अर्धे उठायचे, चष्मा नाकावर सरकवायचे आणि सांगायचे की आपण मुळात गुप्तहेर आहोत. बोलत्या पुस्तकांच्या या स्टुडिओत 'अंतिम श्रोता' म्हणून पगार घेतो, तो निव्वळ लोकांच्या डोळ्यांत धूळ फेकायला. नजर अशी, की समोरच्याच्या बुटाच्या नाडीवरून त्याचं बालपण सांगावं. आणि तर्क असा, की एकदा धरला की सुटत नाही, मग तो चुकीचा का असेना. यातलं शेवटचं वाक्य मामांचं नव्हे, स्टुडिओतल्या रेकॉर्डिस्टचं. पण तो ते इतक्या गंभीर चेहऱ्याने म्हणायचा की मामांना ती तारीफच वाटायची.

कानांचा विषय निघाला की मात्र मामांचा आवाज आपोआप खाली यायचा, घरातल्या थोरल्या माणसाबद्दल बोलावं तसा. 'हे नुसते कान नाहीत,' ते म्हणायचे, 'हे माझे दोन साक्षीदार आहेत. खोटं बोलत नाहीत, लाच खात नाहीत आणि कधी फितूर होत नाहीत.' यातल्या डाव्या साक्षीदाराच्या कानात, म्हणजे मामांच्या डाव्या कानात, सकाळी अंघोळ झाल्यापासून रात्री अंथरुणाला पाठ टेकेपर्यंत एक जुना इअरबड खोचलेला असायचा. टीव्हीवर बड्या माणसांच्या मागे काळे चष्मे लावून जे लोक उभे असतात त्यांच्याही कानात असंच काहीतरी असतं, हे मामांनी पाहून ठेवलं होतं. या बडचा उजवा जोडीदार फार पूर्वी हरवला. ती केस अजून उघडी आहे. उरलेल्या डाव्याची बॅटरीही कधीच मेली, त्यामुळे त्यातून काहीच ऐकू येत नसे. पण गुप्तहेराने काहीतरी ऐकतोय असं दिसणं महत्त्वाचं असतं. मामी त्याला 'बूच' म्हणायच्या.

आजवर मामांनी हाती घेतलेल्या बाकीच्या केसेस सगळ्या सुटल्या, हे खरं आहे. चहाचा चमचा नाहीसा झाला तेव्हा मामांनी तीन जणांची उलटतपासणी घेतली आणि चौथ्याने चमचा मामांच्याच खिशातून काढून दिला. प्रिंटर बंद पडला तेव्हा मामांनी बाहेरच्या हाताचा संशय व्यक्त केला आणि झाडणाऱ्या बाईंनी पिन परत खोचली. केस सुटली की झालं, कोणी सोडवली याचा हिशोब कोतेपणाचा, असं मामांचं मत होतं.

तर अशा या मामांवर त्या दिवशी खरीखुरी केस येऊन कोसळली, आणि तीही स्वतःच्या सख्ख्या भाचीची.

भाची म्हणजे बहिणीची मुलगी. मामा तिला लहानपणापासून चिमणी म्हणत. ती एका बँकेच्या मदतक्रमांकावर बसायची आणि दिवसभर लोकांना सांगायची की थोडा वेळ प्रतीक्षा करा. तिचा आवाज असा होता की लोक खुशाल प्रतीक्षा करत. मामांनीच तिला स्टुडिओत आणलं, मालकीणबाईंनी आवाज ऐकून एक पुस्तक वाचायला दिलं, आणि पोरीने त्याच भरवशावर बँकेची नोकरी सोडली. आता ठरलं होतं ते असं: हे पुस्तक आज संध्याकाळपर्यंत बाहेर गेलं तर पुढच्या कादंबऱ्यांची सगळी मालिका तिची. नाही गेलं, तर उद्यापासून तेच पुस्तक खर्जकाका पुन्हा वाचणार आणि चिमणी परत प्रतीक्षेला बसणार. खर्जकाका हे स्टुडिओतले जुने वाचक. त्यांनी खोकल्याच्या बाटलीवरची सूचना वाचली तरी मृत्युपत्र वाचल्यासारखं वाटायचं.

पुस्तक बाहेर जायला एकच गोष्ट लागायची, मामांचं 'ठीक'. स्टुडिओचा नियमच होता तो. मामांनी शेवटपर्यंत ऐकून 'ठीक' म्हटल्याशिवाय एक वाक्यसुद्धा दाराबाहेर पडत नसे. भाचीला आणलं त्याच दिवशी मामांनी मालकीणबाईंना छातीवर हात ठेवून सांगितलं होतं, की नातं मी चपलांबरोबर दाराबाहेर काढून ठेवतो. तेव्हा ते वाक्य फार झोकात निघालं होतं. आता ते गळ्यात अडकणार होतं.

त्यात आणखी एक काम. मामांचे जुने मोठे हेडफोन स्पंज झडून झडून पार उघडे पडले होते. ऐकणारे लोक हल्ली इअरबड्सवरच ऐकतात, तर आपणही त्यांच्यावरच तपासू, असं मालकीणबाईंनी ठरवलं आणि कोपऱ्यावरच्या दुकानातून दोन वेगवेगळ्या जोड्या आणल्या. एक काळी, घेवड्याच्या बीसारखी गोल. दुसरी पांढरी, खाली दांडी असलेली. दोन्ही ताडून बघा, चांगली कोणती ते सांगा, स्टुडिओत सगळ्यांना तीच घेऊ, असं त्या म्हणाल्या आणि दार ओढून गेल्या.

ऐकायची खोली म्हणजे एक टेबल, एक दिवा, एक फिरती खुर्ची आणि भिंतीभर करडा फोम. मामांनी डाव्या कानातलं बूच काढून खिशात ठेवलं, काळी जोडी फोनला जोडली, कानांत घातली आणि डोळे मिटले. कादंबरी दीपगृहावर राहणाऱ्या दोन बहिणींची होती. चिमणी वाचू लागली आणि मामांच्या अंगावर काटा आला. पोर काय वाचत होती! धाकटी बहीण थोरलीच्या कानाशी कुजबुजते त्या जागी तर मामा स्वतःच श्वास धरून बसले.

आणि तिथेच त्यांनी डोळे उघडले. उजवीकडे कुजबुज स्वच्छ होती. डावीकडे ती शेजारच्या घरातून आल्यासारखी येत होती.

मामांनी मागे जाऊन पुन्हा ऐकलं. पुन्हा तेच. उजवीकडे दोन बहिणी, डावीकडे जेमतेम दीड.

त्यांनी काळी जोडी काढून पांढरी घातली. पांढरीत आवाज जरा मोकळा होता, काळीत जरा भरीव. पांढरी कानात आहे की नाही ते कळत नसे, काळी मात्र घट्ट बसायची. पांढरीच्या दांडीला चुकून बोट लागलं तर कादंबरी थेट पुढच्या प्रकरणात उडी मारायची. मामांना विचार करताना कानाला हात लावायची सवय, त्यामुळे थोरली बहीण त्यांच्या देखत दोनदा मेली. काळीला एक टिचकी मारली की आवाज थांबायचा, दोन मारल्या तर काय व्हायचं ते मामांनी माहितीपत्रकात वाचलं नव्हतं, कारण गुप्तहेर माहितीपत्रकं वाचत नाहीत. पण या सगळ्या फरकांत एका बाबतीत दोन्ही जोड्यांचं एकमत होतं. डावीकडचा आवाज कोणीतरी पळवला होता.

मामांनी रेकॉर्डिस्टला बोलावून घेतलं. हा माणूस मामांचा सहायक आहे हे मामांना ठाऊक होतं, त्याला नव्हतं. त्याने दोन्ही जोड्या आळीपाळीने लावून ऐकल्या आणि सांगितलं की दोन्ही व्यवस्थित आहेत. वर हेही सांगितलं की वाचणारी एक, माइक एक, डावीकडे जे जातं तेच उजवीकडे जातं, त्यामुळे एकाच बाजूला दोष असूच शकत नाही. मामा मंद हसले. गुन्हेगाराला आपण नेमकं हेच समजावं असं वाटत असतं, असं त्यांनी त्याला समजावलं. रेकॉर्डिस्टने घड्याळाकडे पाहिलं आणि चहा मागवला.

पहिला संशय दुकानदारावर होता. दोन्ही जोड्या त्याच्याच दुकानातल्या, म्हणजे त्याने कुठूनतरी खराब डाव्यांचा घाऊक माल उचलला असणार, हे उघड होतं. मामा तडक खाली उतरले. दुकानदार फडक्याने काच पुसत होता. तो म्हणाला की या दोन वेगळ्या कंपन्या आहेत, दोन वेगळ्या देशांत बनतात, त्यांचा एकमेकांशी काही संबंध नाही. मामांनी 'म्हणजे आंतरराष्ट्रीय टोळी' असं म्हणून डोळे बारीक केले. दुकानदाराने बिचाऱ्याने स्वतः बड लावून पाहिले आणि आपल्याला तर छान ऐकू येतंय म्हणाला. विकणाऱ्याला आपला माल नेहमी छानच ऐकू येतो, असं त्याला सुनावून मामा जिने चढून परत आले. वरच्या पायरीवर त्यांना धाप लागली आणि तिथेच त्यांनी दुकानदाराला निर्दोष सोडलं.

दुसरा संशय खोलीवर. डाव्या भिंतीचा फोम आवाज शोषून घेत असेल तर? आवाज थेट कानात जातोय, भिंतीचा काय संबंध, हे रेकॉर्डिस्टने सांगून पाहिलं. मामांनी ऐकलं नाही. त्यांनी फिरती खुर्ची अर्धी फिरवली, म्हणजे आता डावीकडे उजवी भिंत आली, आणि पुन्हा ऐकलं. तरी डावीकडचाच आवाज कमी. त्यांनी खुर्ची दाराकडे केली, मग खिडकीकडे, मग एकदा टेबलाखाली वाकून ऐकलं. शेवटी उठून उभे राहिले.

'मी जिकडे वळतो तिकडे दोष वळतो,' ते गंभीरपणे म्हणाले. 'याचा अर्थ कळतो का तुला? दोष माझा पाठलाग करतोय.'

रेकॉर्डिस्ट म्हणाला की कळतो, आणि आपला चहा घेऊन बाहेर गेला.

आता राहिला एकच मोठा संशयित, ज्याचा या सगळ्यात फायदा होता. खर्जकाका. मामांना पांढऱ्या जोडीच्या डबीजवळ घशाच्या गोळीचा कागद सापडला, आणि स्टुडिओत अखंड घशाची गोळी चघळणारा माणूस एकच होता. खर्जकाका त्या वेळी शेजारच्या खोलीत मधमाश्या पाळण्याचं पुस्तक वाचत होते. त्यांना अर्ध्या मधमाशीवरून उठवून मामांनी ऐकायच्या खोलीत आणलं, दिवा त्यांच्या तोंडावर वळवला, आणि समोरच्याशी बोलता यावं म्हणून काळ्या जोडीतला उजवा बड काढून टेबलावर ठेवला. डावा सवयीने कानातच राहिला.

ही उलटतपासणी मामांच्या कारकिर्दीतली सर्वांत कडक. प्रत्येक प्रश्नाआधी मामा विचारात पडून कानाला बोट लावायचे, टिचकी मारायचे. खर्जकाका म्हणाले की हो, गोळीचा कागद माझा. सकाळी तुम्हीच गोळी मागून घेतलीत, कागद तुम्हीच तिथे टाकलात. मामांनी आवाज चढवला आणि विचारलं, की या मुलीचं पुस्तक बाद झालं तर ते कोण वाचणार? खर्जकाकांनी एक मोठा निःश्वास सोडला. त्यांचा निःश्वाससुद्धा दोन ओळींचा असायचा.

'अहो, मला कुठे वाचायचंय ते,' ते म्हणाले. 'दोन बहिणींची कुजबुज मी या आवाजात काढली तर लोकांना वाटेल दीपगृहात दरोडेखोर शिरलेत. ती पोर माझ्यापेक्षा चांगली वाचते. तुम्ही आपलं ठीक म्हणा आणि मला माझ्या माश्यांकडे जाऊ द्या.'

एवढ्यात मामांच्या डाव्या कानात काहीतरी मुंगीएवढं पुटपुटलं. काळ्या जोडीत खरखरही आहे, अशी त्यांनी मनात नोंद केली आणि पुन्हा दोनदा टिचकी मारली. पुटपुट बंद झाली.

खर्जकाका गेले आणि दारात चिमणी उभी दिसली. तिने सगळं ऐकलं होतं. मामांना वाटलं ती चिडेल. चिडली असती तर बरं झालं असतं. ती आत आली, तिने दोन्ही जोड्या लावून स्वतःचा आवाज ऐकला, आणि बड काढून हळूच डबीत ठेवले.

'मला तर दोन्हीकडे सारखंच ऐकू येतंय, मामा,' ती म्हणाली. 'पण तुझे कान आहेत. तुला कमी वाटतंय म्हणजे माझंच काहीतरी चुकलं असणार.'

आणि ती खरोखरच जाऊन माइकपुढे बसली. तोंड जरा डावीकडे कलवून तीच कुजबुज पुन्हा वाचू लागली. एकदा, दोनदा, पुन्हा एकदा. रेकॉर्डिस्ट काचेपलीकडे मुकाट्याने बटणं दाबत राहिला. मामांनी प्रत्येक वेळी ऐकलं आणि प्रत्येक वेळी मान हलवली. पोरीचा घसा बसत चालला. चौथ्या का पाचव्या खेपेला ती थांबली आणि म्हणाली की राहू दे, बँकेतल्या बाईंना फोन करते, अजून माझी जागा भरली नसेल.

मामांना गलबलून आलं. 'ठीक' हा शब्द अगदी ओठांवर आला होता. एवढासा शब्द, कोणाला कळणार होतं? पण ज्या माणसाने आयुष्यभर कानांच्या खरेपणाची शेखी मिरवली, त्याने न ऐकू आलेलं ऐकू आलं म्हणून कसं सांगायचं? आणि त्याहून वाईट म्हणजे, मामांच्या मनाच्या एका कोपऱ्यात कितीतरी दिवस एक गोष्ट पडून होती, तिच्याकडे ते पद्धतशीर कानाडोळा करत आले होते. हल्ली समोरचा बोलू लागला की त्यांची मान आपोआप डावीकडे वळायची आणि उजवा कान पुढे यायचा. ही विचारवंताची लकब आहे, असं त्यांनी स्वतःला पटवलं होतं. संशयितांत दुकानदार होता, भिंत होती, खर्जकाका होते, परदेशी कंपन्या होत्या. फक्त एक जण नव्हता, आणि तो सकाळपासून त्याच खुर्चीत बसला होता.

तेवढ्यात मामी आल्या.

मामी स्टुडिओत कधी येत नसत. हातात घरचीच पिशवी, चेहऱ्यावर घाईने जिने चढल्याची लाली. त्यांनी चिमणीच्या डोक्यावरून हात फिरवला, रेकॉर्डिस्टला मान हलवून ओळख दिली, खर्जकाकांना दारातूनच आत बोलावलं आणि एक खुर्ची ओढून मामांच्या डाव्या बाजूला बसल्या. मामा समोरच्या फोमकडे टक लावून विचार करत होते.

मामी नेहमीच्याच आवाजात म्हणाल्या, 'अहो, तुमची ती विचार करायची खुर्ची आज सकाळी मी भंगारवाल्याला देऊन टाकली.'

'हं,' मामा म्हणाले.

सगळ्यांनी चमकून मामांकडे पाहिलं. घरची ही खुर्ची काय चीज आहे ते सगळ्यांना माहीत होतं. तिची स्प्रिंग वर आली होती, एक हात निखळला होता, आणि त्या खुर्चीत बसल्याशिवाय आपल्याला खरा तर्क सुचत नाही असं मामा रोज सांगायचे. मामी उठल्या, बसायला ओढलेली खुर्ची उचलून मामांच्या उजव्या बाजूला ठेवली, बसल्या, आणि तेच वाक्य त्याच आवाजात पुन्हा म्हणाल्या.

मामा ताडकन उठले. 'भंगारवाल्याला? कोणाला विचारून?'

'तुम्हाला विचारून,' मामी म्हणाल्या. 'काल रात्री विचारलं, तुम्ही हं म्हणालात. तिथे चिमणीला वाचनाच्या सरावाला टेबल ठेवायचं का, हेही विचारलं होतं. त्यालाही हं म्हणालात. पडदे बदलले तेव्हाही हं म्हणालात. गेले दोन-तीन महिने मी काही विचारायचं असलं की तुमच्या डाव्या हाताला बसते, फार सोयीचं पडतं.'

मग त्यांनी सगळं सांगितलं. आधी त्यांना वाटायचं त्या बुचामुळे ऐकू जात नसेल. मग एकदा झोपताना बूच काढलेलं असतानाही डावीकडून बोललेलं गेलं नाही, तेव्हा शंका आली. दोनदा डॉक्टरकडे चला म्हणून सांगितलं, पण तेही बहुतेक डावीकडूनच सांगितलं गेलं. आणि आज मघाशी मामांचा फोन आला. त्या हॅलो हॅलो म्हणतायत, आणि इकडे मामा कोणाला तरी मधमाश्यांवरून दरडावतायत. त्या फोनवर ओरडल्या, अहो, मी बोलतेय! तरी पत्ता नाही. तेवढ्यात फोन बंद झाला. नवऱ्याच्या कानात ओरडूनही त्याला ऐकू जात नाही, म्हणजे तो फोन कुठल्या कानात असणार, हे कळायला त्यांना खुर्चीची गरज लागली नाही.

रेकॉर्डिस्टने टेबलावरचं माहितीपत्रक उचलून वाचलं. काळी जोडी, दोन टिचक्या: शेवटच्या क्रमांकाला फोन. फोन चालू असेल तर बंद.

चिमणी मामांकडे बघत होती. 'मामा,' ती सावकाश म्हणाली, 'मघाशी खुर्ची फिरवून काय म्हणाला होतास तू?'

मामांनी खुर्ची मागे ओढली. ते मटकन खाली बसले. दोष त्यांचा पाठलाग करत नव्हता, त्यांच्याबरोबर राहायलाच आला होता. इतके दिवस दाबून ठेवलेली भीती आता तोंडावर आली. हे कान गेले तर आपण कोण? गुप्तहेर तर आपण नव्हतोच, हे मामांना आतून चांगलं माहीत होतं. अंतिम श्रोताही नाही राहिलो, तर मग उरलं काय? त्यांनी मामींचा हात धरला आणि अगदी बारीक आवाजात विचारलं, की बहिरा होतोय का गं मी?

मामी म्हणाल्या की उठा आधी, समोरच कानाची डॉक्टरीण आहे, रडायचं असेल तर तिच्याकडून परत येताना रडा.

डॉक्टरीणबाईंनी कानात दिवा घालून पाहिलं आणि पहिला प्रश्न विचारला, की या कानात तुम्ही दिवसभर काही घालता का? मामांनी खिशातून बूच काढून दाखवलं. त्या म्हणाल्या की मळ प्रत्येकाच्या कानात असतो आणि आपला आपण बाहेर येत असतो, तुम्ही मात्र रोज सकाळी हे घालून त्याला आत ढकलता आणि दिवसभर वर पहारा ठेवता. मग त्यांनी औषधाचे थेंब घातले, थोडं थांबल्या, कोमट पाण्याची पिचकारी मारली, चिमट्याने काहीतरी ओढलं, आणि ते स्टीलच्या ताटलीत टाकलं. तपकिरी, वाटाण्याएवढं. मामांनी चष्मा सावरून आरोपीकडे पाहिलं. मग पाहतच राहिले, कारण बाहेर कोणाच्यातरी सायकलची घंटी वाजली आणि ती दोन्हीकडून वाजली.

ते परतले तेव्हा मालकीणबाई टेबलापाशी उभ्या होत्या आणि संध्याकाळ व्हायला आली होती. मामा कोणाशी न बोलता आत गेले, चिमणीचं सकाळचं, न बिघडवलेलं वाचन लावलं आणि दार लावून घेतलं. कुजबुज आली. दोन्ही बहिणी आल्या, दोन्ही कानांत आल्या, आणि मध्ये कुठेतरी मामा स्वतः. ते शेवटच्या ओळीपर्यंत ऐकत बसले, नियमाप्रमाणे. बाहेर आले तेव्हा डोळे लाल होते.

'ठीक,' ते म्हणाले.

चिमणीने तोंडावर हात ठेवला. मालकीणबाईंनी मान डोलावली आणि विचारलं, मग दिवसभर एवढा गोंधळ कसला होता, दोष होता तरी कुठे? मामांच्या हातात दोन डब्या होत्या. काळ्या जोडीवर ढकलून देणं अगदी सोपं होतं. ती बोलू शकत नव्हती. खर्जकाका छताकडे बघत होते, रेकॉर्डिस्ट चहाच्या कपात बघत होता, आणि दोघांपैकी कोणीही काही म्हणालं नसतं.

'दोष माझ्या डाव्या कानात होता, बाई,' मामा म्हणाले. 'मळ होता. माझा साक्षीदार फितूर झाला आणि मी दिवसभर या पोरीची उलटतपासणी घेतली.'

आधी खर्जकाका हसले, त्या खर्जात, मग सगळेच. मालकीणबाईंनी डोळे पुसले आणि विचारलं, की बरं, जोडी कोणती घेऊ? मामांनी जराही विचार न करता काळी पुढे केली. पांढरी ऐकायला जरा मोकळी आहे, ते म्हणाले, पण काळी वेळेवर बायकोला फोन लावते.

घरी आल्यावर मामांना कोपऱ्यात खुर्चीच्या चार पायांच्या खुणा दिसल्या. तिथे उद्या चिमणीचं टेबल येणार होतं. ते नुसतेच जमिनीवर, भिंतीला पाठ टेकून बसले. मामींनी डॉक्टरीणबाईंनी दिलेले थेंब कानात घातले, वर कापसाचा बोळा ठेवला, आणि सवयीने डाव्या हाताला बसून धुतलेल्या कपड्यांच्या घड्या घालू लागल्या. दोन सदरे झाले. मग त्या घडीकडेच बघत, अगदी हळू आवाजात बोलू लागल्या. तेव्हा मामांना कळलं की या बाजूला गेले दोन-तीन महिने नुसते खुर्च्यांचे आणि पडद्यांचेच विषय निघत नव्हते.

'चार माणसांत स्वतःचं हसं करून घेतलंत पोरीसाठी,' त्या म्हणाल्या. 'बरं वाटलं मला. तोंडावर नाही सांगणार, डोक्यावर बसाल.'

कापूस पातळ होता आणि कान नवा होता. मामांना शब्द न शब्द ऐकू आला. ते समोरच्या भिंतीकडे बघत राहिले, गेले दोन-तीन महिने बघत होते तसेच.

'हं,' ते म्हणाले.